दोनशे नव्व्याण्णव तुकडे

या, अशा जवळ येऊन बसा. तिकडे खांबाला टेकलात तर अर्धी गोष्ट खांबच ऐकेल. आज मी तुम्हाला एका तुकड्याची गोष्ट सांगणार आहे. तिच्यात देव आहे, सरकार आहे, बर्फ आहे आणि माझी थोडी फजिती आहे. यातला 'थोडी' हा शब्द माझा. आमच्या घरात त्याबद्दल दुमत आहे. बुवा कीर्तनाला उभे राहिले की आधी पूर्वरंग लावतात आणि मग आख्यानाला हात घालतात. मी बुवा नाही. फोर्टातल्या एका कचेरीत जावक टपालाची नोंद ठेवणारा कारकून होतो, गिरगावातल्या एका चाळीत दुसऱ्या मजल्यावर राहत होतो, आणि कीर्तनाच्या पहिल्या रांगेतली माझी जागा बायकोच्या तापातसुद्धा चुकवली नव्हती. झाला पूर्वरंग.

साल छपन्न. मुंबई कुणाची हा प्रश्न तेव्हा दिल्लीत कागदावर होता आणि गिरगावात रस्त्यावर. महिन्याभरापूर्वीच आमच्या नाक्यावर गोळ्या चालल्या होत्या. पडलेल्याला उचलायला जावं तर आपणही पडू, अशी ती वेळ. मी गॅलरीत उभा होतो. खाली गेलो नाही. हे एकदा सांगून टाकलं म्हणजे पुढचं सांगायला मोकळा.

जमावबंदीमुळे आमच्या मारुतीच्या देवळातलं कीर्तन चारला सुरू होऊन उजेड आहे तोवर संपत असे. त्या शनिवारी आख्यान होतं गजेंद्राचं. तळ्यात हत्तीचा पाय मगरीनं धरलाय, सगेसोयरे काठावरून बघून निघून गेलेत, आणि हत्ती सोंड वर करून हाक मारतोय. बुवांनी असा देव उभा केला की जो पायांत काही न घालता, कुणाला न सांगता, ताटावरून उठून धावत सुटला. मग स्वतःचा उजवा हात पुढे केला आणि म्हणाले, बाकी सगळं विसरलात तरी चालेल, हा एवढा हात लक्षात ठेवा. टाळकऱ्याचा टाळ थांबला. मी उपरण्यात तोंड खुपसून रडलो.

तसाच डोळे पुसत घरी येत होतो. जिन्याच्या दुसऱ्या वळणावर काहीतरी चमकलं. उचललं तर लाकडाचा सुपारीएवढा तुकडा, आणि त्यावर रंगवलेला एक हात. पुढे केलेला, सोन्यासारखा पिवळा, मागे फिकट निळं आभाळ. बोटं वेगवेगळी दिसत नव्हती, अंगठा तेवढा निराळा. एका बाजूला घुंडी होती. ती मी प्रभावळीची नक्षी समजलो. कुणाच्या तरी देव्हाऱ्यातली तसबीर फुटून तिचा अभयहस्त आपल्या वाटेत यावा, आणि तोही गजेंद्राच्या दिवशी, याला दृष्टान्त नाही तर काय म्हणायचं? मी तो धुतला, गंध लावलं आणि देव्हाऱ्यात बाळकृष्णाच्या मागे उभा केला. अंबिका, म्हणजे आमची मंडळी, म्हणाली, "रस्त्यात सापडलेलं काहीही घरात आणायची सवय आज देवापर्यंत पोचली." श्रद्धेला असे टोमणे सोसावेच लागतात.

या हाताचा पुढच्या गोष्टीशी काही संबंध नाही असं मला तेव्हा वाटत होतं. तुम्ही हसताय. हसा. तुम्हाला मी गोष्ट सांगतोय. मला कुणी सांगितली नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी शेजारच्या खोलीतल्या राधाबाई आल्या. राधाबाई मालवणकडच्या, साठी कधीच उलटलेल्या, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. एकुलता एक मुलगा चिंतामणी बोटीवर खलाशी. आठ महिने त्याचं पत्र नव्हतं. दारावरून पोस्टमन गेला की त्या गॅलरीतल्या कठड्याला हात लावून उभ्या राहायच्या आणि तो खाली उतरला की आत जायच्या; आम्ही सगळे त्या वेळी दुसरीकडे बघत असू. तर त्या आल्या त्या पदरात पार्सल घेऊन. आदल्या दुपारी पोस्टमननं ते खाली त्यांच्या हातात दिलं होतं. परदेशी तिकिटं, सरकारी लाखेची मोहर, आणि एक कोपरा फाटलेला. फाटका कोपरा वर धरावा हे त्यांना दिसणार कसं? तशाच त्या जिना चढून आल्या होत्या.

आत एक कापडी पिशवी, तिचंही तोंड सैल, पिशवीत लाकडाचे वेडेवाकडे कापलेले रंगीत तुकडे, आणि चार ओळींची चिठ्ठी. मी वाचली. "आईस नमस्कार. मी खुशाल आहे. पाय आता बरा आहे. इथे थंडीत नदी दगडासारखी होते आणि माणसं तिच्यावरून फिरतात. तू खोटं म्हणशील म्हणून चित्र पाठवतो. तुकडे तीनशे आहेत, जुळवून घे."

राधाबाईंनी दुसरी ओळ पुन्हा वाचायला लावली. मग म्हणाल्या, "आता बरो आसा, म्हणजे आदी बरो नव्हतो."

आम्हाला तो कुठल्या गावी आहे हे ठाऊक नव्हतं, बोटीवर आहे की किनाऱ्यावर सोडून दिलाय हे ठाऊक नव्हतं. पायाला काय झालं होतं तेही नाही.

"रघू, माका ता चित्र जुळवून दी," त्या म्हणाल्या. "माझो झील खंय आसा ता माका बघूचा आसा."

मी हो म्हटलं. तुकड्यांचं चित्र जुळवणं म्हणजे काय, लहान मुलांचा खेळ. रविवार आहे, जेवणापूर्वी होऊन जाईल. तुकडे मोजले तर दोनशे नव्व्याण्णव भरले. कचेरीत एकाची चूक निघाली की आम्ही ती दुसऱ्याची धरतो. घरात मी ती स्वतःची धरली आणि कामाला लागलो.

पहिली अडचण जागेची. चौरंग पुरेना. जमिनीवर मांडावं तर अंबिका केर काढणार. तेव्हा तळमजल्यावरचे रामजी सुतार, ज्यांना कुणीही बोलावलं नव्हतं, वर आले, पट्टीनं मापं घेतली आणि म्हणाले की या चाळीत एवढी सपाट वस्तू एकच, ती म्हणजे दार. मी विचार करेपर्यंत आमच्या घराचं दार बिजागरीतून निघून दोन ट्रंकांवर आडवं झालं होतं. आता दार नसलेल्या घराचं काय होतं ते ऐका. कडी वाजवायची तर कडी आडवी, आणि माणसं उभी आत. ज्यांनी पाच वर्षांत कधी साखर मागितली नव्हती तीही मंडळी वाटी विसरून आत येऊ लागली, आणि येताना जो तो सल्ला घेऊन येई.

त्यात पहिले नाना. नाना निवृत्त मास्तर, संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीत पंधरा दिवस आत राहून आलेले, त्यामुळे कुठल्याही विषयावर त्यांचं बोलणं आम्ही उभ्यानं ऐकायचो. त्यांनी सांगितलं की याला जिगसॉ म्हणतात आणि आधी सीमा ठरवायच्या असतात. सीमा ठरल्या की आतलं आपोआप जुळतं. रामजी म्हणाले की सीमेचं राहू दे, लाकडाची शिरं बघून जुळवा. अंबिका म्हणाली की रंग बघा, डोळे कशाला दिलेत. आणि राधाबाई कुणाचंच न ऐकता दाराच्या एका कोपऱ्याशी बसल्या आणि तुकडे एकेक करून बोटांनी चाचपायला लागल्या. घुंडीवरून अंगठा फिरवायच्या, खाचेत करंगळी घालायच्या, आणि कधी कधी दोन तुकडे मुकाट्यानं एकमेकांत बसवून माझ्याकडे सरकवायच्या. पहिल्या दिवशी माझे सहा तुकडे जुळले. त्यांचे एकोणीस.

तीन संध्याकाळी गेल्या तेव्हा हळूहळू एक देश दिसायला लागला. पानं झडलेली झाडं, मागे पवनचक्की, आणि मध्ये नदी. नदी पांढुरकी, निळसर, आणि तिच्यावर माणसं. लांब कोट घातलेली, गळ्याभोवती रुमाल गुंडाळलेली, हात मागे बांधून एका पायावर तिरपी झालेली. एक कुत्रा. खुर्चीसारख्या गाडीवर बसलेलं एक मूल. बुटांच्या तळाला काहीतरी पातं होतं. अंबिकेनं निरखून बघितलं आणि म्हणाली की ही माणसं पायाला विळी बांधून फिरतात. रामजींना वेगळीच शंका. आमच्याकडे बर्फाची लादी हातगाडीवरून येते ती भुशात घातलेली. एवढा बर्फ उघड्यावर ठेवलाय, तर भुसा कुठे आहे?

राधाबाईंना मात्र काहीच पटेना. नदीवर माणूस उभा राहतो हे त्या एक वेळ मान्य करत होत्या, देवाच्या दारी काय अशक्य, पण उभा राहू शकतो तर पडेल कसा? आणि पडला नसेल तर पायाला काय झालं? यावर नानांनी प्रात्यक्षिक करायचं ठरवलं. मंगळवारी संध्याकाळी बर्फवाल्याकडून एक अख्खी लादी वर आणवली, गॅलरीत गोणपाटावर ठेवली, भुसा धुऊन काढला आणि म्हणाले, "रघुनाथ, उभा राहा."

मी का, असं विचारायला हवं होतं. पण सगळी चाळ दारांत उभी होती, आणि नानांनी पंधरा दिवस तुरुंगात काढले होते. मी धोतर आवरलं, देवाचं नाव घेतलं आणि लादीवर चढलो. दोन श्वास अगदी त्या चित्रातल्यासारखा उभा होतो, हातसुद्धा मागे बांधले होते. नंतर काय झालं ते मला आठवत नाही. चाळीतल्या लोकांना आठवतं, अजून आठवतं. मी पडलो तो कठड्याजवळ, लादी गेली ती तिसऱ्या खोलीच्या उंबऱ्याला. हसणं थांबेना. मी उठायला बघतोय आणि गोणपाट पायाखालून सरकतंय. तेव्हा कुणीतरी माझं मनगट घट्ट धरलं आणि वर ओढलं. राधाबाई होत्या. मला वाटतं, दिसत नसल्यामुळे त्यांना हसू आलं नसावं.

"पडता तो असो," त्या म्हणाल्या. "आणि एकट्याक उठूक गावना नाय."

त्याच संध्याकाळी जयवंत हवालदार आले. नायगावच्या पोलीस चाळीत राहायचे, गस्त आमच्या गल्लीत. लादी आदळल्याचा आवाज त्यांना बाँबचा वाटला होता. दार नसल्यामुळे सरळ आत आले आणि बघतात तो नऊ माणसं एका आडव्या दाराभोवती वाकलेली. जमावबंदीत पाचांना मनाई. नाना छाती काढून पुढे झाले. बेकायदा जमाव हा त्यांना मान वाटे. मी घाईघाईनं सांगितलं की हे कौटुंबिक काम आहे. हवालदारांनी काठी भिंतीला लावली, चित्र बघितलं, बराच वेळ बघितलं, मग खाली वाकून पवनचक्कीचं एक पातं उचललं आणि जागेवर बसवलं. त्यानंतर ते रोज येऊ लागले. आल्यावर चारांच्या वर जे असतील त्यांना गॅलरीत काढायचे आणि पाचव्या जागी स्वतः बसायचे. नाना त्यांना ऐकू जाईल असं रोज म्हणायचे की मधला तुकडा मिळाल्याशिवाय कुठलाही नकाशा पुरा होत नाही. हवालदार तेवढ्यापुरते छताकडे बघत.

गुरुवारी चित्र पुरं झालं. म्हणजे होत आलं. उजवीकडे खाली एक माणूस बर्फावर पडला होता. निळी टोपी, एक पाय पुढे, एक अंगाखाली, हात टेकून उठायला बघणारा. आणि त्याच्या पुढ्यात एक भोक. भोकाच्या पलीकडे एक जाडशी म्हातारी, तांबडी शाल, एका हाताला टोपली, आणि तोंड उघडं. तिचा दुसरा हात शालीतून पुढे आलेला, तो थेट त्या भोकात. तुकडे संपले होते.

राधाबाई चित्रावर नाक टेकेल इतक्या वाकल्या. निळ्या टोपीवर बोट ठेवलं. "ह्यो चिंतो," म्हणाल्या. मग त्यांचं बोट भोकाच्या कडेनं फिरलं. "ती काय करता?"

इथे एकमत झालं असतं तर बरं झालं असतं. नाना म्हणाले की ती त्याच्याकडे बोट दाखवते आहे. अंबिका म्हणाली की तोंड उघडं आहे म्हणजे हसते आहे. लादीच्या वेळी आपलीही तोंडं अशीच होती. रामजींच्या मते ती टोपलीतला माल ओरडून विकत होती आणि त्या दोघांचा काही संबंध नव्हता. मी म्हणालो की हाक मारत असेल, मदतीला कुणाला तरी. बोललो खरा, पण मला नाक्यावरची ती वेळ आठवली आणि माझा माझ्यावरच विश्वास बसला नाही.

राधाबाई उठल्या. दाराजवळ, म्हणजे दार असायला हवं होतं तिथे, थांबल्या. "तेका कोण हात देता ता कळल्याशिवाय मी भात खाऊचंय नाय," असं म्हणून गेल्या.

कोकणातल्या माणसानं भात सोडणं म्हणजे काय ते तुम्हाला सांगायला नको. त्या दिवसापासून त्या दोन वेळा चहा आणि एक नाचणीची भाकरी एवढ्यावर राहिल्या. अंबिका ताट घेऊन गेली, ते परत आलं. आमच्या चाळीत भाताचा वास आला की माणसं आपोआप हळू बोलायला लागली.

आता तो तुकडा शोधणं माझ्यावर आलं. पार्सलावर सरकारी लाख होती, म्हणजे बंदरावर ते उघडलं गेलं होतं. नानांचं म्हणणं पडलं की सरकार प्रत्येक गोष्टीतला एक तुकडा काढून ठेवतं, हा त्यांचा अनुभव आहे. मलाही पटलं. शुक्रवारी अर्धी रजा टाकून बंदराजवळच्या त्या कचेरीत गेलो. तिथल्या कारकुनानं विचारलं की किती तुकडे आले? मी म्हटलं, दोनशे नव्व्याण्णव. मग तक्रार कशाची, तो म्हणाला. एवढं पोचलेलं पार्सल त्यानं बारा वर्षांत बघितलं नव्हतं. तरी अर्ज दिला. त्यात रकाना होता, 'हरवलेल्या वस्तूचे वर्णन'. मी लिहिलं, 'वस्तू पाहिलेली नाही. तिच्या भोवतालच्या वस्तूंवरून तिचा आकार सोबत काढून जोडला आहे.' पुढे रकाना, 'वस्तूचा उपयोग'. मी बराच वेळ टाक धरून बसलो आणि लिहिलं, 'त्यावर एक वृद्ध स्त्री जेवायची थांबली आहे.' कारकुनानं ते वाचलं, माझ्याकडे बघितलं आणि अर्ज आपल्या हातानं पुढच्या टेबलावर नेऊन ठेवला. उत्तर टपालानं येईल म्हणाला. मी स्वतः जावक टपाल सांभाळतो. टपालानं येईल म्हणजे काय ते मला माहीत होतं.

रविवारी रामजींनी नवा विचार काढला. भोकाच्या मापाचा तुकडा ते कापून देतील, वर मी हात रंगवावा. म्हातारी जेवेल, कुणाचं काय जातं? मी दिवसभर देव्हाऱ्यासमोर बसून विचार केला. खोटं तर खोटं, पण पुण्याकडे झुकलेलं खोटं. माझ्या त्या अभयहस्ताला गंध लावून कौल मागितला. तो नेहमीसारखा हात पुढे करून उभा होता; मी त्याचा अर्थ 'कर' असा घेतला. संध्याकाळी तुकडा तयार झाला. रामजींनी तो इतका बेमालूम बसवला की कडा दिसेना. मी काढलेला हात थोडा केळीसारखा आला होता, पण हात होता.

राधाबाईंना बोलावलं. त्यांनी डोळे जवळ नेलेच नाहीत. अंगठा फिरवला, एकदाच.

"ह्यो रामजीचो तुकडो," त्या म्हणाल्या. रागावल्या नाहीत. माझ्या हातावर हात ठेवला. "तुमी हात देतास ता माका ठावक आसा. पण थंय कोण देता?"

रामजी खाली गेले ते तीन दिवस वर आले नाहीत. मी सोमवारी पुन्हा कचेरीत गेलो. अर्ज तिसऱ्या टेबलावर पोचला होता.

बुधवारी एकादशी आली, माघातली. राधाबाई सकाळी आमच्या देव्हाऱ्याला फुलं वाहायला आल्या, नेहमीप्रमाणे. चार पावलं चालताना त्यांचा हात भिंतीला गेला. मला ते बघवेना. माझ्याजवळ त्यांना द्यायला दुसरं काही नव्हतं, तेव्हा जे सर्वांत मोलाचं होतं ते काढलं. बाळकृष्णाच्या मागून अकरा दिवस पूजलेला तो हात उचलला, आणि सांगितलं की राधाबाई, हा देवाचा अभयहस्त आहे, गजेंद्राच्या दिवशी आपणहून माझ्याकडे आला. घटकाभर हातात धरा, धीर येईल. त्यांनी पदर डोक्यावर घेतला, ओंजळ पुढे केली. मी तो ठेवला. त्यांनी तो कपाळाला लावला. आणि मग, सवयीनं, अंगठा फिरवला.

घुंडीवरून. मग खाचेत करंगळी गेली.

त्या उठल्या, आडव्या दाराशी गेल्या, भोकाची कड चाचपली, पुन्हा तुकड्याची चाचपली. अंबिका चुलीपुढून उठून आली. तिनं तुकड्याकडे बघितलं, भोकाकडे बघितलं, आणि मग माझ्याकडे बघितलं. लग्नाला तेवीस वर्षं झाली होती. असं तिनं पूर्वी कधी बघितलं नव्हतं, नंतर मात्र वरचेवर बघितलं.

"अकरा दिवस," ती म्हणाली. "अकरा दिवस त्याला गंध लावून, त्यालाच सापडू दे म्हणून नवस करत होतात."

बसवायला राधाबाईंचा हात पुढे झाला आणि तिथेच थांबला. त्यांच्या मनात जे आलं ते माझ्याही आलं. अकरा दिवस पूजा झालेली वस्तू. गंध, फूल, नैवेद्य झालेला हात. तो उचलून बुटांच्या, कुत्र्यांच्या आणि पडलेल्या खलाशांच्या मध्ये बसवायचा? देव्हाऱ्यातून देव काढायचा तर उत्तरपूजा, विसर्जन. आणि विसर्जन केलं तर तुकडा समुद्रात. नाना एरवी देवाधर्माला मानत नसत, पण तेही म्हणाले की हा घटनात्मक पेच आहे. हवालदारांनी टोपी काढून हातात घेतली. शेवटी आम्ही सगळे, पाचांच्या वर, देवळात बुवांकडे गेलो. हवालदार आमच्या पुढे चालत होते, म्हणजे जमाव कायदेशीर झाला.

बुवा कीर्तनासाठी उपरणं बांधत होते. मी सगळं सांगितलं, मला लाज वाटण्यासारखं होतं तेही. त्यांनी तुकडा तळहातावर घेतला, उजेडाकडे धरला. हसतील असं वाटलं होतं.

"देव्हाऱ्यात बसून हा हात काय करणार, रघुनाथराव?" ते म्हणाले. "तो निघालाच होता पडलेल्याकडे. तुम्ही मध्ये धरून ठेवलात. सोडा त्याला."

घरी येऊन राधाबाईंनी तो बसवला. टक् असा लहानसा आवाज झाला. म्हातारीच्या शालीतून हात निघाला होता, जाड पिवळा हातमोजा घातलेला, त्या निळ्या टोपीवाल्याच्या अगदी बोटांपाशी गेलेला. तोंड उघडं होतं ते धावत आल्यामुळे. नीट बघितलं तर टोपली तिरपी झाली होती आणि त्यातून काहीतरी बर्फावर सांडत होतं, आणि तिचं तिकडे लक्ष नव्हतं. हे सगळं सहा दिवस आमच्या डोळ्यांसमोर होतं.

राधाबाईंनी त्या हातावर बोट ठेवलं आणि बराच वेळ काढलं नाही. मोज्याच्या पिवळ्यावर अजून माझं गंध होतं. ते पुसू नका म्हणाल्या.

अंबिकेनं ओचा खोचला आणि भात टाकायला निघाली. तेव्हा राधाबाईंनीच आठवण केली की आज एकादशी आहे. एवढं करून भात दुसऱ्या दिवशीच. पण द्वादशीचं ते पारणं आमच्या घरात झालं. रामजी वर आले, येताना नारळ घेऊन. हवालदारांनी माणसं मोजली नाहीत. दार मोकळं नव्हतं, म्हणून पानं जमिनीवर. राधाबाईंनी पहिला घास उचलला, क्षणभर चित्राकडे तोंड वळवलं, आणि मग खाल्ला. तेवढ्यात पोस्टमन आला. बंदरावरच्या कचेरीचं पत्र माझ्या नावे: सदर तुकडा या कार्यालयात नाही, अर्जदाराने प्रथम आपल्या घरी शोध घ्यावा. नानांनी ते मोठ्यांदा वाचलं. दोनदा.

दार पुढे दोन महिने आडवंच राहिलं. चित्र मोडायला राधाबाई तयार नव्हत्या आणि चोर यावा असं आमच्याकडे काही नव्हतं. चैत्रात चिंतामणीचं मोठं पत्र आलं. बंदरावर उतरताना बर्फावरून घसरला, नडगीचं हाड मोडलं, बोट त्याला टाकून गेली. धक्क्यावर मासळी विकणारी एक म्हातारी ओरडत धावली, तिनं त्याला उचललं, आणि चार महिने तिच्याच घरी होता. चित्र तिच्या माळ्यावरचं. तिच्या नातवंडांनी खेळून टाकून दिलेलं. राधाबाईंनी पत्र ऐकलं, मुळीच नवल वाटल्यासारखं केलं नाही, आणि मला उत्तर लिहायला बसवलं. 'त्या बाईस माझा नमस्कार सांग. तिला मी ओळखते. तिचा पिवळा मोजा आता स्वच्छ आहे का ते कळव, इथे थोडं गंध लागलं होतं.' चिंतामणीनं त्यातून काय अर्थ काढला कुणास ठाऊक.

तो परत आला. आई गेली तेव्हा जवळ होता. त्यालाही आता वीस वर्षं झाली. चित्र त्यानं मला दिलं, माझ्या भिंतीवर आहे, रामजींनी केलेल्या चौकटीत. आणि एक सांगायचं राहिलं. दार अजून आडवं होतं तेव्हाच गिरगावात पुन्हा वाईट दिवस आले, पुन्हा नाक्यावर एक माणूस पडला. त्या वेळी मी गॅलरीत नव्हतो. दार नसलं की जिना उतरायला वेळ लागत नाही.

आता उठा, उशीर झाला. फक्त एवढं करा. उद्या जेवायला बसाल तेव्हा भाताचा पहिला घास उचलून क्षणभर थांबा, आणि आमच्या राधाबाईंची आठवण काढा.